उद्यमबागेतला कारखानदार आणि देवनागरीत लिहिलेले बारा शब्द

प्रकरण बेळगावात अनगोळच्या एका घरातलं आहे. कर्ता पुरुष उद्यमबागेत लेथ आणि ड्रिलिंगचं जॉबवर्क करतो. मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, शिक्षण मराठी शाळेत, कन्नड व्यवहारापुरतं आणि इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं. एक्सचेंजवर, म्हणजे अशी चलनं विकत घ्यायच्या ऑनलाइन बाजारात, बँकेतून पैसे भरण्याचा रस्ता पुन्हा मोकळा झाल्यावर त्याने थोडं थोडं बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. जुलै २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या एक्सचेंजमधून २० कोटी डॉलरहून जास्त किमतीची चोरी झाली. ती बातमी वाचून त्याने आपल्या एक्सचेंजवरची सगळी शिल्लक काढली आणि फोनमधल्या स्वतःच्या पाकिटात, म्हणजे बिटकॉइनच्या चाव्या सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, आणली. पाकिटाने बारा इंग्रजी शब्द दाखवले आणि फोन गेला तरी पाकीट पुन्हा उघडता यावं म्हणून लिहून ठेवायला सांगितले. त्याने ते कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, देवनागरीत लिहिले.

पुढे त्याला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. दवाखान्याच्या धावपळीत फोन कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. घरात राहिलं ते वहीचं एक पान.

मी या घराचे हिशेब बघतो, म्हणून त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला बोलावलं. घरच्यांच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या पानावरचे शब्द आता निकामी आहेत, तरी चारच देतो.

वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊजी, मोबाइलवर एकजण म्हणायलाय, पानाचा फोटो पाठवा, आम्ही पैसे काढून देतो. मी पाठवले नाही." या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता, आणि तो तांत्रिक माहिती असलेल्या कुणीही घेतलेला नव्हता. बारा शब्द ज्याच्या हाती त्याच्या हाती पैसे. बँकेसारखं खातं गोठवता येत नाही आणि तक्रार करायला शाखाही नसते.

आधी हे बारा शब्द म्हणजे काय ते थोडक्यात. पाकीट चाव्यांसाठी एक भलीमोठी यदृच्छ संख्या काढतं, १२८ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा १२८ अंकांची. ती माणसाला लिहायला दिली तर एखादा तरी अंक चुकणारच. म्हणून २०१३ साली मारेक पलाटिनुस, पावोल रुस्नाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बीआयपी-३९ नावाची पद्धत मांडली. ठरलेल्या २०४८ शब्दांची यादी घ्यायची आणि संख्येचे अकरा-अकरा बिटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक शब्द द्यायचा. बारा शब्दांत १३२ बिट बसतात. त्यातले १२८ मूळ संख्येचे आणि उरलेले चार पडताळणीचे, म्हणजे चेकसमचे. इंग्रजी यादीतले शब्द असे निवडले आहेत की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द नक्की ओळखता येतो. अबॅन्डन पहिला, झू शेवटचा.

यादी करणाऱ्यांनी खबरदारी घेतली ती रोमन अक्षरांची. ते शब्द कुणी दुसऱ्या लिपीत उच्चारावरून उतरवेल हे त्यांनी धरलेलं नव्हतं, आणि तसं धरण्याचं कारणही नव्हतं. आपल्याकडे मात्र हेच सर्रास होतं. दुकानाच्या पाट्या, औषधांची नावं, यंत्रांचे भाग आपण कानाने ऐकतो आणि देवनागरीत लिहितो. बेअरिंग, शाफ्ट, चक हे शब्द या कारखानदाराने उभ्या आयुष्यात रोमनमध्ये लिहिले नसतील. पाकिटाने शब्द दाखवले तेव्हा त्याच्या हाताने नेहमीचंच काम केलं.

पानावर "राइट" होतं. यादीत बरोबर या अर्थाचा राइट आहे आणि लिहिणे या अर्थाचाही आहे. रोमनमध्ये त्यांची पहिली अक्षरंच वेगळी, देवनागरीत दोन्ही अगदी एक. "सेल" होता. विकणे आणि जहाजाचं शीड, दोन्ही यादीत आहेत, दोन्ही सेल. "पूल" होता. पोहण्याचा तलाव की ओढणे? ओढण्याचा उकार इंग्रजीत ऱ्हस्व आहे, पण शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा उकार दीर्घ लिहायचा ही सवय मराठी शाळेत इतकी घोटून घेतलेली असते की हात आपसूक "पूल" लिहितो. "सीक"चंही तसंच, शोधणे की आजारी? उरलेल्या आठ शब्दांबद्दल शंका नव्हती. चार शब्दांचे दोन-दोन पर्याय म्हणजे सोळा जोडण्या.

दुसरी अडचण पानाच्या मांडणीची. शब्द सहा-सहाच्या दोन रकान्यांत होते आणि त्यांना क्रमांक नव्हते. उभं वाचायचं की आडवं? हिशेबाच्या वहीत माणूस दोन्ही रीतींनी लिहितो. सोळाच्या बत्तीस जोडण्या झाल्या.

घरच्यांची आशा होती ती रुग्णावर. त्याने ते शब्द पाठ केले होते. वहिनी सांगतात, रोज सकाळी पूजेनंतर पुटपुटायचे. म्हणून त्याच्या मेव्हण्याने शंकेच्या शब्दांचे दोन-दोन पर्याय चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्यापुढे धरले. त्याने दोन्ही चिठ्ठ्यांना मान हलवली. वाचाघातात हे नेहमीचं आहे. ऐकलेलं बरंच कळत असतं, पण हो आणि नाही यांची खूण भरवशाची राहत नाही. एक ते दहा आकडे तो सलग म्हणायचा, लहानपणी पाठ झालेलं स्तोत्रही अर्धंअधिक म्हणायचा, कारण अशी मुरलेली साखळी पुष्कळदा वाचते. बारा शब्द आले नाहीत. पाठांतर ही जपणूक नव्हे असं तांत्रिक पुस्तकं सांगतातच, पण त्या खोलीत ते समोर दिसत होतं. त्याला विचारणं मी थांबवायला लावलं. आठवत नाही याचा त्रास त्याला फार होत होता, आणि त्याच्या उत्तरावर पैसे लावणं धोक्याचंही होतं.

उत्तर पानातच होतं. चेकसमचे चार बिट म्हणजे कोणतेही बारा शब्द घेतले तर सरासरी सोळातून एकच जोडणी पडताळणीतून पार होते. बत्तीस जोडण्यांत खरी एक असणारच, आणि उरलेल्या एकतीसमधून अपघाताने दोनेक निघतील हा हिशेब कागदावर आधीच मांडता आला. इंटरनेट तोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी मोकळ्या कोडची प्रणाली चालवून बत्तीसही तपासल्या. तीन उरल्या.

तिन्हींतून खरी कोणती? एक्सचेंजवरून पैसे काढल्याची ईमेल पावती मेव्हण्याने शोधून काढली होती आणि तिच्यावर पाकिटाचा पत्ता, म्हणजे पैसे जिथे पाठवले तो खातेक्रमांकासारखा मजकूर, होता. तीन जोडण्यांतून तयार होणारे पहिले काही पत्ते काढले, त्यातल्या एकीचा पत्ता पावतीशी जुळला. शब्द उभे वाचायचे होते. पत्त्याचे प्रकारही एकाहून जास्त असतात. एकाच बारा शब्दांतून एकने सुरू होणारे, तीनने सुरू होणारे किंवा बीसी१ ने सुरू होणारे पत्ते निघतात. त्यामुळे पावती नसती तर तिन्ही जोडण्यांवर प्रत्येक प्रकार तपासत बसावं लागलं असतं. जुनी पावती जपून ठेवण्याची व्यापाऱ्याची सवय इथे कामी आली.

एवढ्यावर प्रकरण मिटलं नाही. मेव्हण्याने मदतीच्या भरात वहीच्या पानाचा फोटो काढला होता, आणि त्याच्या फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत होते. म्हणजे जुने शब्द फुटले असंच धरायला हवं होतं. त्याच दिवशी नवं हार्डवेअर पाकीट, म्हणजे चाव्या सांभाळणारं वेगळं छोटं यंत्र, तयार करून सगळी शिल्लक तिकडे हलवली. मग नव्या बारा शब्दांची जपणूक कशी करायची हा प्रश्न समोर आला. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा इथे आहे. पहिल्या वेळी शब्द सांभाळायचे होते लिहिणाऱ्याला. या वेळी ते वाचणार होत्या वहिनी, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या, आणि पुढे कधीतरी मुलगी, जी इंग्रजी माध्यमात आहे, शाळेत कन्नड शिकते आणि मराठी फक्त बोलते. एका घरात तीन लिप्या. सीमाभागात हे घरोघरी आहे.

पहिली सूचना आली ती पाठ असलेला अभंगच चावी म्हणून वापरण्याची. घरात वारकरी वळण आहे, अभंग कधी विसरणार नाही, हे म्हणणं मनापासूनचं होतं. पण आकडा बघा. तुकाराम महाराजांचे अभंग साडेचार हजारांच्या घरात. प्रत्येकाच्या दहा ओळी धरल्या तरी सगळ्या मिळून पन्नास हजारांच्या आत. यादीतल्या नुसत्या दोन शब्दांच्या जोड्या होतात ४१,९४,३०४. म्हणजे गाथेतली कुठलीही एक ओळ दोन शब्दांइतकीही ताकद देत नाही. वाक्यापासून थेट चावी करणारी पाकिटं पूर्वी लोक वापरत, आणि कविता, गाणी, म्हणी, सुभाषितं यांच्या याद्या यंत्राला घालून चोरांनी ती रिकामी केली. २०१५ च्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत एका संशोधकाने हे किती झटपट होतं ते करून दाखवलं. माणसाला जे प्रिय असतं ते दुसऱ्यालाही ठाऊक असतं. शब्द यंत्रानेच, यदृच्छेने निवडायला हवेत.

दुसरी सूचना भाच्याची, तो इंजिनिअरिंगला आहे. "मामा, आपण मराठीची यादीच करायची की. २०४८ शब्द काय मोठे?" या सूचनेवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण ती योग्य आहे असं मला अजूनही वाटतं. बीआयपी-३९ च्या अधिकृत याद्या जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीजमध्ये आहेत. एकाही भारतीय भाषेची नाही. पण मराठी यादी करणं म्हणजे इंग्रजी यादीचं भाषांतर करणं नव्हे. चावी काढताना पाकीट शब्दाचा अर्थ बघत नाही, क्रमांकही बघत नाही. ते शब्दांची अक्षरं जशीच्या तशी घेऊन त्यांच्यावर २०४८ वेळा गणित करतं आणि त्यातून बी, म्हणजे सगळ्या चाव्यांचं मूळ, काढतं. एक काना इकडचा तिकडे झाला तर वेगळंच पाकीट उघडतं.

भाचा उत्साहाने घरातले, शेतातले, कारखान्यातले शब्द गोळा करू लागला. आम्ही दोघांनी बसून ते चाळले तेव्हा मराठीच्या खास अडचणी एकामागून एक निघाल्या. दिन आणि दीन, सुत आणि सूत एकत्र चालणार नाहीत. काल आणि काळ, मूल आणि मूळ यांच्यातलाही एक काढायला लागेल. मन आणि मण तर आमच्याकडे बोलण्यात कितीदा एकच होतात. अनुस्वाराने लिहिलेला आणि परसवर्णाने लिहिलेला शब्द वाचणाऱ्याला एक, यंत्राला दोन. सगळ्यात फसवा निघाला तो "दऱ्या"मधला र. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला र वापरतात, दुसऱ्या रीतीत साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य. बीआयपी-३९ मध्ये अक्षरांचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या रीती एक करणं, आहे, पण त्याने या दोन रीती एक होत नाहीत. "ॲ"चीही तीच गत. एक फोन एका रीतीने लिहील, दुसरा दुसऱ्या, आणि घरच्यांना कळणारही नाही की शब्द बरोबर असूनही पाकीट का उघडत नाही.

चेक यादीत डोक्यावरच्या खुणा असलेले शब्द घेतलेच नाहीत. स्पॅनिश यादीत खुणांची अक्षरं शब्द ओळखताना साध्या अक्षरांसारखीच धरली आहेत. मराठी यादी करायची तर असाच कडकपणा लागेल: ऱ्हस्वदीर्घाने किंवा अनुस्वाराने बदलणारी जोडी नको, ळ-ल आणि न-ण यांचे जुळे नकोत, दऱ्यातला र आणि ॲ मुळातच वगळायचे, शब्द मूळ रूपात घ्यायचे, "घोडा" हवा पण "घोड्या" नको. एवढं करूनही २०४८ चांगले, ओळखीचे, चित्र उभं राहील असे शब्द उरतील याची मला खात्री आहे. भाषा एवढी दरिद्री नाही. पण आज ती यादी वाचणारं पाकीट नाही, आणि बीआयपी-३९ मध्येच स्पष्ट म्हटलं आहे की बहुतेक पाकिटं फक्त इंग्रजी यादी ओळखतात, म्हणून दुसऱ्या यादीतून शब्द तयार करू नयेत. आजारी माणसाच्या घरच्या पैशांवर प्रयोग करायचा नसतो. भाच्याची वही त्याच्याकडे आहे, त्याने काम चालू ठेवावं असं मी त्याला सांगितलं आहे.

मग मार्ग निघाला क्रमांकांचा. यादीतल्या प्रत्येक शब्दाला १ ते २०४८ मधला एक क्रमांक आहे. शब्द ज्या लिपीत बिघडतो त्या लिपीत आकडा बिघडत नाही. आणि आकडे पोलादावर ठोकायची सोय या घराच्या कारखान्यातच होती: नंबर पंचचा संच. कारखान्यातल्या जुन्या कामगाराने स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या कापून दिल्या, आकडे मात्र वहिनींनी आणि मेव्हण्याने दार लावून स्वतः ठोकले. प्रत्येक शब्दाचे चार आकडे, कमी असतील तिथे पुढे शून्य. बारा ओळी, प्रत्येक ओळीच्या आधी तिचा क्रम. आकडे आंतरराष्ट्रीय घेतले. देवनागरी ४ घाईत इंग्रजी आठसारखा वाचला जातो, आणि मुलीला देवनागरी आकड्यांची सवयच नाही. पट्टीच्या माथ्यावर "०००१ म्हणजे अबॅन्डन" एवढं रोमनमध्ये कोरून घेतलं, कारण काही लोक यादी शून्यापासून मोजतात, आणि ही एक ओळ नसेल तर बाराच्या बारा शब्द एकाने सरकतात.

कागद नाकारायचं कारण खानापूरचा पाऊस. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या जिल्ह्यात किती घरांतले उतारे, दाखले, वह्या लगदा झाल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मेव्हण्याला सहा शब्द अनगोळला आणि सहा खानापूरला ठेवायचे होते. ते मी मोडून काढलं. एक तुकडा हरवला तर सगळंच गेलं, आणि एक तुकडा चोराला मिळाला तर त्याचं काम निम्म्याने नव्हे, कल्पनेपलीकडे सोपं होतं: १२८ बिटांच्या जागी ६२ च उरतात. नीट वाटणी करायची तर संकेतशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी १९७९ मध्ये दाखवलेली रीत आहे, तीनपैकी कुठलेही दोन भाग पुरतात अशी. तिच्यावर बेतलेली वीस-वीस शब्दांची पद्धतही काही पाकिटांत मिळते. या घराने ती घेतली नाही. तीन संच, तीन जागा आणि निवडक पाकिटं एवढा पसारा वहिनींना नको होता, आणि त्यांचा निर्णय मला पटला. दोन पूर्ण पट्ट्या, दोन घरांत, दोन्ही कुलपात.

बारा शब्दांच्या वरून आपल्या मनाचा एक गुप्त शब्द जोडता येतो, त्याचाही विचार झाला. मेव्हणा म्हणाला, गावाचं नाव घालूया. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आहे, त्याआधीच्या कागदांवर इंग्रजीत बेलगाम, आणि घरात बेळगाव. दहा वर्षांनी मुलगी यातलं कुठलं, कोणत्या लिपीत आणि कोणत्या स्पेलिंगने लिहील? शिवाय या जादा शब्दाला चेकसम नाही. चुकीचा घातला तर "चूक" असा निरोप येत नाही, एक रिकामं पाकीट उघडतं आणि घरचे समजतात की पैसे गेले. जादा शब्द घ्यायचा नाही असं ठरलं.

पट्टी असली तरी वहिनींना शब्द डोक्यातही हवे होते. "मला कळायला पाहिजे काय ठेवलंय ते," असं त्या म्हणाल्या, आणि ते रास्त होतं. माहेरी जाण्याची त्यांची रेल्वेची वाट घेतली: बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. सहा स्थानकं, प्रत्येक फलाटावर दोन चित्रं. आधी खोट्या शब्दांवर सराव केला. इदलहोंडला वाघ आणि सूप आलं. वहिनींच्या डोळ्यांपुढे वाघ धान्य पाखडत होता. यादीतलं सूप प्यायचं आहे, पण त्यांचं चित्र मी बदलू दिलं नाही. पाखडणारा वाघ त्या जन्मात विसरणार नाहीत, आणि पाकिटाला द्यायच्या शब्दाचा क्रमांक पट्टीवर आहे. चित्र त्यांच्या मनाचं, आकडा यंत्राचा. दोन्हींना एकाच शब्दावर ओढायची गरज नाही.

शेवटी तालीम घेतली. दुसरं, रिकामं पाकीट वहिनींच्या हाती दिलं, सोबत पट्टी आणि छापील यादी. मी आणि मेव्हणा बाहेर बसलो. त्या एका ओळीवर अडल्या. पंचच्या संचात सहा आणि नऊला एकच खिळा असतो, आणि एका ओळीतला आकडा ठोकताना खिळा उलटा धरला गेला होता. चेकसमने ते लगेच पकडलं. पट्टी नव्याने केली, प्रत्येक सहा आणि नऊच्या खाली रेघ मारली, आणि वरची बाजू कळावी म्हणून डाव्या कोपऱ्यात भोक पाडलं. दुसऱ्या तालमीत पाकीट उघडलं आणि पत्ता जुळला.

मृत्युपत्रात शब्द किंवा आकडे लिहिलेले नाहीत. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल मृत्यूनंतर दुसऱ्यांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून त्यात फक्त पट्ट्या कुठे आहेत आणि कुणाच्या ताब्यात आहेत एवढंच आहे. पट्टीसोबत एक मराठी आणि एक इंग्रजी पान आहे: पाकिटाचं नाव, पत्ता बीसी१ ने सुरू होणारा, जादा शब्द नाही, शब्द बारा, यादी इंग्रजी, फोटो काढायचा नाही, फोनवर कुणाला वाचून दाखवायचं नाही. पाडव्याला वहीपूजन झालं की वहिनी पट्टी काढून तपासणार आणि रिकाम्या पाकिटावर तालीम करणार. येत्या पाडव्याला त्यांच्या जागी मुलगी बसणार आहे.